शोल्डरवर दिवे लुकलुकताना: कॅलिफोर्नियातला मूव्ह ओव्हर कायदा आणि तिकीट लढवण्याची रीत

कॅलिफोर्नियात येऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. संध्याकाळी ६८० फ्रीवेवरून सुनोलच्या चढावर येत होते. सर्वांत उजव्या लेनमध्ये, वेग साधारण पासष्ट मैल. पुढे शोल्डरवर, म्हणजे रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्ट्यावर, पोलिसांची गाडी एका ट्रकमागे उभी होती आणि तिचे दिवे लुकलुकत होते. मी वेगमर्यादेत होते, माझ्या लेनमध्ये होते, म्हणून तशीच पुढे गेले. दोन मिनिटांत आरशात दुसऱ्या गाडीचे निळे-लाल दिवे दिसले. माझी चूक काय, हे तिकिटावरचे कलम घरी येऊन वाचल्यावर कळले.

घरी सगळ्यांनी एकच सल्ला दिला: पैसे भर आणि मोकळी हो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी ऑनलाइन पैसे भरले. पैसे भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, त्यासोबत लायसन्सवर पॉइंट, म्हणजे चुकीची नोंद, येतो, आणि तो लपवायला ट्रॅफिक स्कूल नावाची सोय असते, यातले काहीच मला ठाऊक नव्हते. पुढे इन्शुरन्सचा हप्ता वाढला तेव्हा डोळे उघडले. मी वकील नाही. पण तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच नव्या मंडळींसोबत त्यांची तिकिटे वाचत बसले आहे, आणि कोर्टाच्या पायरीबद्दलची ती म्हण निदान इथल्या ट्रॅफिक कोर्टाला लागू करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी कायदा समजून घ्या

आपल्याकडे ॲम्ब्युलन्सला वाट द्यायची हे लहानपणापासून माहीत असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९४-ई नुसार तर वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो नियम धावत्या ॲम्ब्युलन्सचा. इथे धावत्या गाडीसाठी वेगळे कलम आहे, २१८०६: सायरन आणि लाल दिवा दिसला की उजव्या कडेला जाऊन थांबायचे. उभ्या गाडीचे कलम २१८०९, यालाच मूव्ह ओव्हर कायदा म्हणतात. नवखी माणसे या दोघांत गोंधळतात. कोणी उभ्या पोलीस गाडीजवळून सुसाट जाते, तर कोणी घाबरून भर फ्रीवेवर ब्रेक दाबून थांबते. दुसरे पहिल्याहून घातक आहे.

२१८०९ चे म्हणणे असे. दिवे लुकलुकत असलेली इमर्जन्सी गाडी, पिवळे दिवे लावलेला टो ट्रक किंवा रस्ता दुरुस्तीची गाडी उभी दिसली की सावधपणे जवळ जायचे. तिला लागून असलेल्या लेनमधून जायची वेळ येण्याआधीच, सुरक्षित आणि शक्य असेल तर, एक लेन सोडून पलीकडच्या लेनमध्ये जायचे. ते शक्य नसेल तर हवा, रस्ता आणि गर्दी पाहून वाजवी वेगापर्यंत हळू व्हायचे. २०२१ पासून हे फ्रीवेबरोबर गावातल्या रस्त्यांनाही लागू आहे. १ जानेवारी २०२६ पासून त्याची व्याप्ती आणखी वाढली: हॅझर्ड दिवे लावून किंवा शंकू, फ्लेअर ठेवून उभी असलेली कोणतीही गाडी त्यात आली. म्हणजे टायर फुटून कडेला उभ्या असलेल्या तुमच्या जुन्या कोरोलालाही आता हेच संरक्षण आहे.

‘हळू’ म्हणजे किती, याचा आकडा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात नाही. टेक्सास आणि फ्लोरिडात आहे, साधारणपणे वेगमर्यादेपेक्षा वीस मैल कमी. तिथून बदली होऊन आलेले मित्र तोच आकडा इथलाही म्हणून सांगतात, तर तसे नाही. पन्नासही राज्यांत हा कायदा कुठल्या ना कुठल्या रूपात आहे, पण प्रत्येकाचे तपशील आणि दंड वेगळे. इलिनॉयमध्ये त्याला ‘स्कॉट्स लॉ’ म्हणतात. शिकागो अग्निशमन दलाचे लेफ्टनंट स्कॉट गिलेन २००० साली डॅन रायन एक्स्प्रेसवेवर अपघाताच्या जागी काम करताना गाडीखाली सापडून गेले, त्यांचे ते नाव. तिथे पहिल्याच वेळी किमान अडीचशे डॉलर दंड आहे.

हा सगळा प्रकार सुरू झाला साउथ कॅरोलायनात. जेम्स गार्सिया नावाच्या पॅरामेडिकला १९९४ साली अपघातस्थळी मदत करताना गाडीने उडवले, आणि दोष त्याच्याच माथी मारला गेला. त्याने पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये तिथे पहिला मूव्ह ओव्हर कायदा झाला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कडेला वाकून कुणाचा तरी टायर बदलणाऱ्या माणसाची पाठ वाहतुकीकडे असते. तो आपल्याला पाहू शकत नाही, आपणच त्याला पाहायचे असते. कॅलट्रान्स या इथल्या रस्ते विभागाचे १९२१ पासून १८० हून अधिक कर्मचारी कामावर असताना दगावले आहेत. नारिंगी जाकिटातली ती माणसे रोज आपल्या शेजारून जाणाऱ्या गाड्यांच्या भरवशावर उभी असतात.

गाडी चालवताना काय करायचे

नजर समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ठेवू नका, दूर टाका. पुढे लुकलुकणारे दिवे दिसले, किंवा पुढच्या गाड्या एकामागून एक डावीकडे सरकताना दिसल्या, की लगेच आरसा, सिग्नल, मान वळवून ब्लाइंड स्पॉट, आणि मग लेन. जवळ पोचल्यावर बदलायचे ठरवले तर जागा मिळत नाही आणि घाईत दुसराच अपघात होतो. बेएरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, गर्दीच्या वेळी फ्रीवे सर्व्हिस पेट्रोलचे टो ट्रक बंद पडलेल्या गाड्यांना फुकट मदत करत फिरतात, त्यामुळे ८८० किंवा १०१ वर पिवळे दिवे रोजच दिसणार असे धरून चाला.

शेजारी ट्रक असेल, लेन भरलेली असेल, तर घुसू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि मागच्याला कळेल इतक्या सावकाश वेग कमी करा. आणखी एक बारकावा, जो फार जणांना माहीत नसतो: कायदा ‘निषिद्ध नसेल तर’ लेन बदला म्हणतो. डावीकडे एक्स्प्रेस लेन असेल आणि मध्ये दुहेरी अखंड पांढऱ्या रेघा असतील तर त्या ओलांडायच्या नाहीत. तिथे वेग कमी करणे हेच तुमचे कर्तव्य. उभी गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये काँक्रीटची भिंत किंवा तसा भक्कम अडथळा असेल तर हे कलम लागूच होत नाही.

पोलिसाने थांबवले तर

सिग्नल देऊन उजवीकडे या आणि मोकळ्या, रुंद जागी थांबा. गाडीतून उतरू नका. आपल्याकडे गाडी बाजूला लावून, कागद घेऊन साहेबांकडे चालत जाण्याची सवय असते. इथे तसे उतरणे धोक्याचे मानले जाते आणि अधिकारी सावध होतो. काच खाली, हात स्टिअरिंगवर, रात्र असेल तर आतला दिवा लावा. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्सचा कागद मागितल्यावरच काढा, आणि कुठून काढताय ते आधी सांगा. पैशाचा विषय चुकूनही काढू नका, तो इथे गंभीर गुन्हा आहे.

२०२४ पासून कॅलिफोर्नियात अधिकाऱ्याने प्रश्न विचारायच्या आधी थांबवण्याचे कारण सांगायचे असते. ते शांतपणे ऐकून घ्या. ‘अहो, मला दिसलेच नाही’ असे आपण अजिजीने म्हणून जातो. ते वाक्य त्याच्या टिपणात जाते आणि पुढे तुमच्याविरुद्ध वाचले जाते. वाद घालू नका आणि जास्त बोलूही नका. मान तुकवून ‘समजले’ एवढे पुरे.

मग सही. माझे हात इथेच थरथरले होते, कारण सही म्हणजे कबुली असे वाटले. तसे नाही. सही म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत मी कोर्टाला उत्तर देईन एवढेच वचन. सही नाकारली तर अटक होऊ शकते, म्हणून ती करून टाका.

त्याच दिवशी घरी बसून

स्मरणशक्तीवर विसंबू नका. कागद घ्या आणि लिहा: वेळ, फ्रीवे, जवळची एक्झिट, एकूण लेन किती, तुम्ही कितव्यात होता, शेजारच्या लेनमध्ये काय होते, तुमचा वेग किती होता आणि तो कमी केला का, उभी गाडी कुठली, तिचे कोणते दिवे लागले होते, मध्ये भिंत होती का, ऊन-पाऊस-धुके. इथे लेनचे क्रमांक डावीकडून मोजतात, म्हणजे सर्वांत डावी ती एक नंबर. अधिकारी त्याच भाषेत लिहितो, तुम्हीही तसेच लिहा. डॅशकॅम असेल तर चित्रण आजच दुसरीकडे उतरवा, कारण त्यातल्या जुन्या फायलींवर काही दिवसांत नवे चित्रण चढते. जागेचे फोटो हवेत म्हणून फ्रीवेवर मुळीच थांबू नका. नकाशाच्या ॲपमधली रस्त्याची दृश्ये पुरतात.

तिकीट नीट वाचा. कलम २१८०९(ए) आहे ना? सोबत आणखी काही लिहिले आहे का? इन्शुरन्सचा कागद दाखवता आला नाही म्हणून वेगळी नोंद असेल, पण इन्शुरन्स खरोखर चालू होता, तर तो पुरावा दाखवून आणि थोडे शुल्क भरून ती रद्द करून घेता येते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट खाली असते: कोर्टाचे नाव आणि तारीख. त्या तारखेआधी कोर्टाकडून सहसा टपालाने पत्र येते, त्यात दंडाची रक्कम आणि पर्याय असतात. नवी मंडळी पहिल्या वर्षात दोन-तीनदा घर बदलतात, आणि पत्र जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत पडून राहते. पत्र मिळाले नाही, ही सबब चालत नाही. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत डीएमव्हीला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या इथल्या वाहन खात्याला, कळवायचे असते ते यासाठीही. तारखेच्या दोन आठवडे आधीपर्यंत काही आले नाही तर त्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या संकेतस्थळावर तिकिटाचा क्रमांक टाकून पाहा. तारीख चुकवली तर वरून शंभर डॉलरपर्यंत भुर्दंड पडू शकतो, आणि हजर न राहिल्याचा वेगळा गुन्हा लागू शकतो, जो मूळ तिकिटाहून कितीतरी जड आहे.

भरायचे, शिकायचे की लढायचे

२१८०९ चा मूळ दंड जास्तीत जास्त पन्नास डॉलर आहे. हे वाचून हायसे वाटते, पण त्यावर राज्य आणि काउंटीचे अधिभार चढतात आणि प्रत्यक्ष रक्कम दोनशे डॉलरच्या वर जाते. खरा खर्च पॉइंटचा असतो. तो तीन वर्षांहून अधिक काळ नोंदीत राहतो. बारा महिन्यांत चार पॉइंट झाले तर लायसन्सच धोक्यात येते.

चूक खरोखर तुमची असेल, डावी लेन रिकामी होती आणि लक्षच नव्हते, तर मनापासून सांगते, लढू नका. ट्रॅफिक स्कूल घ्या. दंड पूर्ण भरावा लागतो, वर कोर्टाचे आणि शाळेचे शुल्क असते, पण पॉइंट गोपनीय राहतो आणि इन्शुरन्स कंपनीला दिसत नाही. ही सोय अठरा महिन्यांतून एकदाच मिळते. वर्ग ऑनलाइन असतो, शनिवारच्या दुपारी होऊन जातो. फक्त डीएमव्हीची मान्यता असलेलीच शाळा निवडा आणि कोर्टाला आधी कळवा.

पैशाची अडचण असेल तर तीही सांगता येते. मायसायटेशन्स नावाच्या सरकारी सोयीतून उत्पन्न दाखवून दंड कमी करणे, हप्ते किंवा जास्त मुदत मागता येते. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांनी हे जरूर पाहावे. यात कमीपणा काही नाही. मात्र त्यासाठी आधी दोष मान्य करावा लागतो, म्हणून लढायचे असेल तर ही वाट नंतरची.

लढण्यासारखे कारण कोणते? कलमाचे शब्द पुन्हा वाचा, कारणे त्यातच आहेत. शेजारची लेन मोकळी नव्हती आणि तुम्ही वेग कमी केला. लेन बदलणे असुरक्षित किंवा रेघांमुळे निषिद्ध होते. मध्ये भिंत होती. तुम्ही त्या गाडीला लागून असलेल्या लेनमध्ये नव्हताच. दिवे लागलेले नव्हते. याउलट ‘बाकीचेही तसेच जात होते’, ‘मी देशात नवीन आहे’, ‘हा कायदा मला माहीत नव्हता’ यांचा उपयोग शून्य. ही तिन्ही वाक्ये लिहून लोक स्वतःची केस घालवतात.

लेखी लढाई

कोर्टात जायला धास्ती वाटणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियात उत्तम वाट आहे: लेखी जबाबावर खटला. टीआर-२०५ हा फॉर्म कोर्टाच्या संकेतस्थळावर मिळतो. तारखेच्या आत तो भरून, दंडाची पूर्ण रक्कम अनामत म्हणून सोबत पाठवायची. तुम्ही निर्दोष ठरलात की रक्कम परत येते. अधिकाऱ्यालाही त्याची बाजू लेखी द्यावी लागते. त्याने काहीच पाठवले नाही तर बहुधा तिकीट रद्द होते. न्यायाधीश दोन्ही कागद वाचून निकाल टपालाने कळवतात.

जबाब एका पानाचा असावा. रडगाणे नको, रागही नको. मजकूर इंग्रजीत लिहायचा, पण आधी मराठीत मनाशी जुळवून घ्या. साधारण असा:

‘मी चार लेनच्या रस्त्यावर चार नंबरच्या लेनमध्ये होते. उजव्या शोल्डरवर पिवळे दिवे लावलेला टो ट्रक मला बऱ्याच अंतरावरून दिसला. मी डावा सिग्नल दिला. तीन नंबरच्या लेनमध्ये माझ्या बरोबरीने एक मोठा ट्रक चालला होता आणि त्याच्या मागे गाड्यांची रांग होती. लेन बदलणे सुरक्षित नव्हते. म्हणून मी वेग पासष्टवरून पंचेचाळीसवर आणला आणि टो ट्रकच्या पुढे गेल्यावरच वाढवला. सोबत डॅशकॅममधली तीन चित्रे आणि रस्त्याचे रेखाटन जोडले आहे.’

यात एकही विशेषण नाही, आणि प्रत्येक वाक्य कलमातल्या कुठल्या ना कुठल्या शब्दाला उत्तर देते. हा जबाब शपथेवर असतो. जे घडले नाही ते लिहू नका. तिकिटापोटी शपथेवर खोटे बोलणे म्हणजे उंदरासाठी घर जाळणे.

अधिकाऱ्याची टिपणे आणि त्याच्या गाडीतले चित्रण यांची प्रतही लेखी पत्राने मागता येते. एक पत्र पोलीस खात्याला, एक काउंटीच्या सरकारी वकिलाला. नेहमीच मिळते असे नाही, पण मागितल्याची प्रत तुमच्याकडे असू द्या.

लेखी निकाल विरोधात गेला तरी सगळे संपत नाही. निकाल टपालात पडल्यापासून वीस दिवसांत टीआर-२२० भरला की नव्याने सुनावणी मिळते, या वेळी समोरासमोर. आधीचा निकाल तिथे मोजला जात नाही. वीस दिवस पाकिटावरच्या किंवा निकालावरच्या तारखेपासून मोजा, तुम्ही पाकीट उघडल्यापासून नव्हे.

समोरासमोर

ज्यूरी नसते आणि सरकारकडून वकील मिळत नाही. स्वतःच्या खर्चाने वकील करता येतो, पण अशा तिकिटाला बहुतेक जण एकटेच जातात. इंग्रजी बोलताना अडखळत असाल, किंवा भेटीला आलेल्या आई-बाबांपैकी कुणाला तिकीट मिळाले असेल, तर मराठी दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत, पण मराठीचे दुभाषे थोडे आहेत, म्हणून तारीख मिळताच कळवा.

अर्धा तास आधी पोचा. कागदांच्या तीन प्रती ठेवा: न्यायाधीशांना, अधिकाऱ्याला, स्वतःला. आधी अधिकारी बोलेल. मध्ये तोडू नका, टिपून घ्या. मग त्याला प्रश्न विचारायची संधी मिळते. दोन-तीनच विचारा, आणि नेमके: ‘माझ्या डावीकडच्या लेनमध्ये त्या क्षणी गाडी होती का?’ ‘मी दिवे पाहिल्यानंतर माझा वेग तुम्ही कसा मोजला?’ त्याला आठवत नसेल तर तेच उत्तर तुमच्या कामाचे आहे, कारण दोष निःसंशय सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर नसते. मग तुमची बाजू, जबाबाच्याच क्रमाने. न्यायाधीशांना ‘युअर ऑनर’ म्हणायचे. अधिकारी आलाच नाही तर बहुतेकदा केस तिथेच संपते.

हरलात तर तिथेच उभे राहून ट्रॅफिक स्कूल मागा. देणे न देणे न्यायाधीशांच्या हातात असते, पण तुम्ही लढलात एवढ्यावरून तो हक्क जात नाही.

व्हिसाची चिंता

हा प्रश्न मला दर वेळी सर्वांत आधी विचारला जातो, आणि रात्रीची झोप याच भीतीने उडते. हे तिकीट ‘इन्फ्रॅक्शन’ असते, त्याला तुरुंगवास नाही. दारू किंवा अटक नसलेल्या अशा साध्या तिकिटावरून एच-१बी किंवा ग्रीन कार्डाचे गाडे अडत नाही. मात्र नागरिकत्वाच्या अर्जात जुन्या तिकिटांची विचारणा होते, म्हणून तिकीट, पावती आणि निकालाचा कागद एका पाकिटात कायमचे जपा. तारीख चुकवून हजर न राहिल्याचा गुन्हा ओढवून घेतला असेल तर मात्र इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कोणताही फॉर्म भरू नका.

निकाल लागल्यावर दोनेक महिन्यांनी डीएमव्हीच्या संकेतस्थळावरून स्वतःची ड्रायव्हिंग नोंद मागवा, काही डॉलरचेच काम आहे. तिकीट रद्द झाले असेल तर पॉइंट दिसता कामा नये. ट्रॅफिक स्कूल केले असेल तर पूर्ण केल्याची नोंद कोर्टापर्यंत पोचली का, तेही पाहा. काही चुकले असेल तर कोर्टाच्या क्लार्कला निकालाची प्रत दाखवून दुरुस्ती मागा. अनामत रकमेचा चेक टपालानेच येतो, तेव्हा तोवर घर बदलले तर कोर्टालाही नवा पत्ता द्या.